बेटावर नारळ चालत नाही

बाहेरचा खिसा

बॅग मऊ असावी. बोटीवर कोपऱ्यांना जागा नसते.

सखारामने हे सांगितलं तेव्हा तो पडवीत, झोपाळ्याशेजारच्या खुर्चीत बसला होता. झोपाळ्यावर बसणं त्याला आता जमत नव्हतं. जन्म बोटींवर काढलेला माणूस, बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम म्हणून उतरलेला. गेल्या पावसाळ्यात त्याच्या कानातलं काहीतरी हललं. तोल कानात असतो, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून घर मधूनच एका अंगाला कलतं. मग तो भिंत धरतो आणि घर सरळ होईपर्यंत थांबतो.

लेकीनं, मृणालीनं, तिकिटं त्याआधीच काढली होती. सेशेल्सहून छोटी बोट निघते. ज्या बेटांवर माणसं राहत नाहीत तिथं ती नेते, रबरी होडीतून किनाऱ्याला उतरवते, कासवं आणि पाखरं दाखवून परत आणते. एक तिकीट बाबांचं, एक आईचं, एक तिचं स्वतःचं. त्यातलं बाबांचं आता रद्द झालं होतं. आपलंही रद्द करायचं, असं कमळाच्या मनात होतं. मनातच होतं. तोंडानं ती हो म्हणत होती आणि बॅग भरत होती.

बाहेरच्या खिशात दुर्बीण. हाताला चटकन लागली पाहिजे.

"ढग आधी दिसतो," सखाराम म्हणाला. "बेट मागनं. बेट कसलं, एक रेघ. पण ढग दिसला की समजायचं."

"हिरव्या पोटाचा."

"हिरव्या पोटाचा. बेटाच्या मधे तळं आहे समुद्राचंच, उथळ. त्याचा रंग वर लागतो."

हा ढग कमळाला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होता. सखाराम त्या बेटाच्या बाजूनं कितीदा गेला, उतरला कधीच नाही. मालाची बोट पाखरं बघायला थांबत नाही. घरी आल्यावर मात्र जेवता जेवता तो त्या ढगावर यायचा, आणि ती वाढता वाढता म्हणायची, ढगाचं पोट कुठं हिरवं असतं. मग तो हातातला घास खाली ठेवायचा. आयुष्यात एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं भांडण टिकलं होतं.

तिला तो ढग बघायचा होता. खरं म्हणजे तिला हरायचं होतं. पण हरायला दोघं लागतात.


बुटांची पिशवी

बेटाचा नियम असा: बाहेरचं बी नको, बाहेरची माती नको.

"म्हणजे एक कुसळसुद्धा नको, आई," मृणाली मुंबईहून फोनवर सांगत होती. "बेटावर उतरायच्या आधी डेकवर सगळ्यांना बसवतात. बूट तपासतात, खिसे उलटे करतात, शिवणीत चिमटा घालून बघतात. आपल्याकडचं गवत तिथं रुजलं तर कासवांनी काय खायचं?"

"आपलं गवत खातील."

"आई."

"बरं बाई. घासते."

नवे बूट घालून ती सवयीसाठी सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर, फिरून आली होती. चूक तिचीच. दिवाळीनंतरचा सडा, वाळलेलं गवत, कुसळं मोज्यांत, पँटच्या काठात, बुटाच्या नाड्यांत. पँटसुद्धा नवी. मृणालीनं पाठवलेली, वाळूच्या रंगाची, इतके खिसे असलेली की कमळाला आधी वाटलं, ही पिशवीच आहे.

दुपारभर ती पडवीत बसून एकेक कुसळ ओढत राहिली. सखाराम समोर बुटांचे तळ घासत होता, जुन्या दाढीच्या ब्रशनं, डेक घासावा तसा, लांब आणि एका दिशेनं. लाल पाणी निघत होतं. पाणी बदललं, पुन्हा लाल. बुटाच्या खाचांत भाट्याची, गावातलीच माती होती. तिच्या खाली सड्याची. तिच्याही खाली काय असणार, असं वाटावं इतकी ती निघत राहिली. दगडी कुंपणाचा गडगा निघाला, विहिरीची वाट निघाली, लेकीला शाळेत सोडायला जायची ती उतरण निघाली. नवे बूट ते. इतकं सगळं त्यांच्यात कधी शिरलं?

शेजारची हौसा केळीचं पान मागायला आली आणि गडग्यापाशीच थांबली.

"काय गो कमळे, बुटांना आंघोळ?"

"बेटावर माती चालत नाय."

"मग तू तरी कशी चालशील? तुझी माती काय वेगळी हाय?" ती हसली. मग दोरीवरची पँट बघून आणखी हसली. "ही घालून परत आलीस तर मी वळखायची नाय हां. आधार कार्ड दाखव मगे दार उघडीन."

"आणि ह्यांचं जेवण?"

"चार वेळा सांगून झालं तुझं. दोन्ही वेळचा डबा मी आणीन. मीठ कमी, तिखट जास्त. आता पान दे."

कमळानं पान कापून दिलं. मग पुन्हा कुसळं.


न भिजणारी पिशवी

तोंड तीनदा गुंडाळून बंद करायची. आत वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून सखारामने ती पाण्याच्या पिंपात दाबून धरली. काढली, उघडली. कागद कोरडा होता. पिंपावर वाकलेला सखाराम मात्र तसाच राहिला, कडा धरून. पाणी हललं होतं. पाण्याबरोबर सगळं हललं होतं.

पाणी थांबेपर्यंत कमळाही थांबली.


झोपाळा (हा बॅगेत मावत नाही)

"रबरी होडीत उतरताना बोटांना धरायचं नाय," तो म्हणाला. "मनगटाला मनगट. बोटं निसटतात. ये इकडं."

झोपाळा म्हणजे होडी. पडवीची पायरी म्हणजे बोटीची शिडी. कमळा पँट घालून पायरीवर उभी, आणि झोपाळा हलतोय.

"तो जवळ येईल तेव्हा नाय टाकायचा पाय. वर येईल तेव्हा टाकायचा. लाट होडीला वर उचलते. ती आपण होऊन तुझ्या पायाखाली येते. तू फक्त नाय म्हणायचं नाय."

"झोपाळा वर कुठं येतो? पुढंमागं जातो."

"मनात धर."

तिनं मनात धरलं. पडवीच्या खाली पाणी आलं. हिरवं, उथळ, तळाची वाळू दिसणारं. सुपारीच्या झावळ्या त्याच्यात उलट्या उतरल्या होत्या. झोपाळा वर आला, खाली गेला, वर आला. सखारामने झोपाळ्याची कडी एका हातानं धरली होती, दुसरा हात पुढं केला होता. तिनं त्याचं मनगट पकडलं, त्यानं तिचं. पाय टाकला. होडी डुलली, बुडाली नाही. ती फळीवर उभी होती.

"बघ," तो म्हणाला. आणि त्याचा हात जड झाला.

झोपाळ्याच्या हलण्यानं त्याचं सगळंच हललं होतं. डोळे मिटलेले, ओठ पांढरे. आता तो तिला धरत नव्हता, तीच त्याला धरून होती. मनगटाला मनगट. ती होडीतून खाली उतरली, त्याला खुर्चीत बसवलं, आणि आपली पकड सोडायला तिला बराच वेळ लागला.

"मी नाय जात," असं ती म्हणणार होती. शब्द तयार होते, दातांच्या मागे, पँटसारखेच नवे. तेवढ्यात त्यानं डोळे उघडले.

"निसटली नाय पकड," तो म्हणाला. "पास."

शब्द तिथंच राहिले.


दिवसाची झोप

कपड्यांच्या गुंडाळ्या झाल्या होत्या. सखाराम कपड्यांची घडी घालत नाही, वळकटी करून दोऱ्यानं बांधतो. त्या वळकट्यांच्या ढिगाला टेकून कमळाचा डोळा लागला.

कासव गडगा वळून आलं. घाई नव्हती. त्याची पाठ जांभ्याच्या चिऱ्यासारखी, तितकीच जुनी, भोकाभोकांची. पायरी चढताना ते प्रत्येक पायाला थांबत होतं, जणू प्रत्येक पाय वेगळ्या गावाहून यायचा होता. पडवीत येऊन त्यानं मान लांब केली, तुळशीची दोन पानं खाल्ली, आणि तिच्यासमोर बसलं.

"पाय दाखव," कमळा म्हणाली.

त्यानं पाय पुढं केला. तिनं दाढीच्या ब्रशनं तळवा घासायला घेतला. तिकडची माती इकडं नको. पांढरं पाणी निघत होतं, दुधासारखं, शंखांचं पीठ झालेलं. चारही पाय झाले. मग कासवानं तिच्या पायांकडं बघितलं. तिनं पाय पदराखाली ओढले, पण पदर नव्हता, पँट होती.

"तुझे?" असं त्यानं विचारलं नाही. ते फक्त थांबलं. ते थांबण्यात फार चांगलं होतं. तिच्यापेक्षाही.


गाऱ्हाणं

ह्या घरात बोटीवर निघणाऱ्याच्या नावानं देवापुढं गाऱ्हाणं घालतात, आणि गाऱ्हाण्याचा नारळ त्याच्या बॅगेत जातो. असोला नारळ, म्हणजे सोलायचा नाही, सालीसकट. तो जगभर फिरतो आणि माणसाबरोबर परत येतो. मग तो उंबऱ्याशी फोडायचा.

सखारामचा प्रत्येक नारळ परत आला. फोडण्याआधी कमळा तो कानाशी धरून हलवायची. थोडे दिवस झालेले असले तर आत पाणी खळखळायचं. जास्त दिवस झालेले असले तर काहीच वाजायचं नाही. आणि फारच लांबली असली सफर, तर खट् खट्, आतलं खोबरं सुकून करवंटीपासून सुटलेलं, त्याचा गोटा झालेला. कॅलेंडर तिनं त्यासाठी कधी बघितलं नाही. एका नारळाला तर बोटीवरच कोंब फुटला. तो फोडला नाही, घरामागं लावला. तो माड अजून आहे, थोडा वाकडा, समुद्राकडं झुकलेला. त्याचं नाव खलाशी.

आता नारळ देवापुढं होता. हौसाचा नवरा रावजी टोपी घालून उभा राहिला. गावात गाऱ्हाणं त्याचंच. आदल्या दिवशी आलेली मृणालीही हात जोडून उभी होती.

बा देवा म्हाराजा,
    — व्हय म्हाराजा
आज ही तुझी लेक कमळा, जी कधी पुलापलीकडं जास्त गेली नाय,
    — पुण्याला गेलेय मी
पुण्यापलीकडं गेली नाय, ती आज समुद्रावर निघालीय,
    — व्हय म्हाराजा
तिच्या वाटेत काय वाकडं असेल तर सरळ कर, सरळ असेल तर वाकडं करू नको,
    — व्हय म्हाराजा
तिला बोट लागू नये, तिचा फोन लागावा,
    — व्हय म्हाराजा
आणि त्या बेटावरची जी जनावरं हायत, ती... सखाराम, काय काय हाय तिकडं?
    — कासवं. नारळ फोडणारे खेकडे. उडता न येणारं एक पाखरू.
उडता का येत नाय?
    — गरज पडली नाही, काका. बेटावर पूर्वी कुणी मारायला नव्हतं.
त्या न उडणाऱ्या पाखराला, खेकड्यांना, कासवांना आमच्या लेकीपासून काय इडापिडा होऊ नये, आणि त्यांच्यापासून तिला,
    — व्हय म्हाराजा
आणि जे माणूस मागं राहतंय,

इथं रावजी अडकला. मागं राहणाऱ्यासाठी गाऱ्हाण्यात काही नव्हतं. निघणाऱ्याचीच सगळी वाक्यं. मागं राहणारी आजवर बाईच असायची आणि ती कोपऱ्यात उभी राहून व्हय म्हणायची.

जे मागं राहतंय, त्याचं पण बघ, रावजी म्हणाला.

व्हय म्हाराजा हे ह्या वेळी कमळानं एकटीनं म्हटलं.

"नारळ बॅगेत नाही हं जायचा," मृणाली म्हणाली. "ते तर सर्वांत मोठं बी."

"ठाऊक हाय," सखाराम म्हणाला. "नियम मीच वाचून दाखवला तिला."

नारळ देवाजवळ राहिला.


तळ

सकाळी गाडी यायच्या आधी कमळानं बॅग उचलून बघितली, आणि तिला कळलं.

आयुष्यभर तिनं त्याच्या बॅगा भरल्या होत्या, उचलल्या होत्या, वाडीच्या तोंडापर्यंत नेल्या होत्या. नारळ असलेली बॅग एका बाजूला ओढते. खांदा ते विसरत नाही.

ती खाली बसली. चेन उघडली. वळकट्या बाहेर काढल्या, मोजे, टोपी, न भिजणारी पिशवी. तळाला सखारामची जुनी लोकरी टोपी होती, थंड समुद्रांवरची. तिच्यात गुंडाळलेला तो. शेंडीसकट.

सखाराम खुर्चीत होता. समुद्राकडं बघत.

"अहो. हे काय?"

"काय?"

"बी नको, माती नको. कोण म्हणत होतं?"

"मी."

"माझे बूट कोणी घासले?"

"मीच घासले."

"मग?"

सुरूच्या बनातून वारा येत होता आणि खुर्चीच्या हातावरचा त्याचा हात घट्ट होता. पण घर त्या क्षणी कललेलं नव्हतं. तिला ते कळत होतं.

"नारळाशिवाय बोटीवर गेलेलं माणूस मी बघितलं नाय गो," तो म्हणाला. "नारळ परत यायचा. त्याच्याबरोबर मी यायचो."

"तिथं काढून घेतला असता की. चिमट्यानं कुसळं शोधतात ते. हा काय दिसला नसता?"

"दिसला असता."

"मला उतरू दिलं नसतं."

"हां." तो म्हणाला, "ते मी रात्रभर मनात घोळवत होतो. मग विसरलो आणि ठेवला."

कमळा नारळ मांडीवर घेऊन बसून राहिली. दातांमागचे शब्द अजून तिथं होते. मी नाय जात. आता ते म्हणणं अगदी सोपं होतं. बॅग तर अर्धी रिकामीच झाली होती. त्यानं जाऊ नको म्हटलं असतं तर तिनं उरलेली अर्धी रिकामी केली असती. तो म्हणाला नाही. त्यानं बूट घासले, पिशवी बुडवून बघितली, होडीत चढायला शिकवलं, आणि मग नारळ लपवला. निघण्याबद्दलचं सगळं त्याला येत होतं. राहण्याबद्दलचं काहीच येत नव्हतं. कसं येणार? तो कधी राहिलाच नव्हता.

तिला येत होतं. दुसरं काय केलं होतं तिनं?

ती उठली आणि नारळ त्याच्या हातात दिला.

"हा तुमच्याकडं."

"माझ्याकडं कशाला? जाणाऱ्याबरोबर असतो तो."

"आता राहणाऱ्याबरोबर. नीट ऐका. सकाळी चहा झाला की कानाशी धरून हलवायचा. एकदाच. सारखा सारखा नाय, सारखा हलवला की दिवस सरत नाय."

"मी नसताना तू हलवायचीस?"

"मी काय हलवू? तुमच्याबरोबर असायचा. मी विहिरीची कळशी हलवायची."

त्यानं तिच्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत हे कधी बोलणं झालं नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणी.

"कुठल्या कानाशी?" त्यानं विचारलं.

"चांगल्या. दुसऱ्याशी धरलात तर खुर्चीतून पडाल."

"आणि वाजायचा थांबला तर?"

"तुमच्या सफरींत थांबायचा. माझी सफर ती केवढी. पाणी आटायच्या आत येते."

तिनं वळकट्या पुन्हा भरल्या. तळाला जिथं नारळ होता तिथं जागा राहिली. ती तिनं तशीच ठेवली. लोकरी टोपी उलटी करून झटकली, दोरे बघितले, आणि त्याच्या डोक्यावर बसवली.


जे बॅगेत नव्हतं

घासलेले बूट प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून. मुंबईपर्यंत ते जमिनीला लावायचे नाहीत. आणि चपला कमळानं काल हौसाला देऊन टाकल्या होत्या, त्यांतली माती काही केल्या निघेना म्हणून. त्यामुळं ती गाडीपर्यंत अनवाणी गेली. वाडीची वाट लाल, दवानं ओली.

"आई, पाय बघ," मृणाली म्हणाली. "पुसायला देऊ?"

"मुंबईत धुवीन. तोवर राहू दे."

निघालेल्या माणसानं मागं बघायचं नसतं. सखारामने कधी बघितलं नव्हतं, आणि दर वेळी तिला वाटायचं, ह्या माणसाला मान आहे की नाही. आता गाडीचं दार धरून उभी राहिल्यावर तिला कळलं की मान असते. ती जड होते, इतकंच.

तेवढ्यात पडवीतून आवाज आला. खळ्.

"आत्ता नाय हो," ती पाठमोरीच म्हणाली. "उद्यापासून."

गाडी पुलावर आली. डाव्या हाताला खाडी समुद्रात उतरत होती आणि तिच्या तोंडावर एक ढग होता, एकटाच. कमळानं काच खाली केली. दुर्बीण बाहेरच्याच खिशात होती, पण तिनं ती काढली नाही. नुसत्या डोळ्यांनी ढगाचं पोट बघितलं, पूल संपेपर्यंत.

"काय बघतेस?" मृणालीनं विचारलं.

"इथं पांढरंच असतं," कमळा म्हणाली, आणि लाल पाय सीटवर वर घेऊन बसली.